उसाला टिपरी, कापसाला पाकीट: पेशी विभागण्याच्या दोन रीती

उसाचं बेणं शेजाऱ्याच्या फडातून आणलं तरी चालतं. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली की तिथे जो ऊस होता तोच इथे उगवतो. तीच जाडी, तीच गोडी, आणि बेण्यात रोग असेल तर तोही. संकरित कापसाचं तसं नाही. यंदा सगळ्या झाडांची बोंडं एकसारखी दिसली म्हणून सरकी राखून ठेवली आणि पुढच्या मृगात टोकली, तर एकाच ओळीत उंच, बुटकी, लवकर फुटणारी, उशिरा फुटणारी अशी सगळ्या तऱ्हेची झाडं उभी राहतात.

नवी झाडं दोन्हीकडे पेशींच्या विभाजनातूनच आली, पण विभाजनाची रीत वेगळी होती. टिपरीवरचा डोळा वाढतो तो सूत्री विभाजनाने. सरकी तयार होण्याआधी मात्र कापसाच्या फुलात, परागकोशात आणि बीजांडात, अर्धगुणसूत्री विभाजन होऊन गेलेलं असतं.

शाळेच्या पुस्तकांत या दोहोंतला फरक तक्त्यात दिलेला असतो: एकात दोन पेशी, दुसऱ्यात चार, एकात संख्या तेवढीच, दुसऱ्यात निम्मी, एक शरीरभर होतं, दुसरं फक्त जनन अवयवांत. लातूरपासून नांदेडपर्यंतच्या क्लासांत मुलं हा तक्ता घडाघडा म्हणतात. तक्ता बरोबरच आहे, पण त्यातल्या बहुतेक ओळी एकाच ओळीतून निघतात आणि नेमकी तीच ओळ ठळक केलेली नसते. ती अशी: सूत्री विभाजनात एका गुणसूत्राच्या दोन प्रती एकमेकींपासून वेगळ्या होतात, तर अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांपासून वेगळी होतात.

जोडी वेगळी, प्रत वेगळी

कांद्याच्या मुळातल्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. ती सोळा सुटी नसून ८ जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र परागकणातून आलं, दुसरं बीजांडातून. दोघांवर त्याच क्रमाने तीच जनुकं असतात, पण जनुकांची रूपं वेगळी असू शकतात. अशा जोडीदारांना सजातीय गुणसूत्रं म्हणतात. माणसात ४६ म्हणजे २३ जोड्या, बाजरीत १४, ज्वारीत २०, तुरीत २२, हरभऱ्यात १६, सोयाबीनमध्ये ४०, गावरान कापसात २६, अमेरिकन कापसात ५२, गाईत ६०, म्हशीत ५०. संख्या मोठी म्हणजे जीव प्रगत, असं काही नसतं.

विभागण्याआधी पेशी आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करते. तेव्हा प्रत्येक गुणसूत्राच्या दोन तंतोतंत सारख्या प्रती होतात आणि त्या एकमेकींना चिकटून राहतात. या प्रतींना अर्धगुणसूत्रं म्हणायचं. त्या जिथे सगळ्यांत घट्ट जोडलेल्या असतात तो गुणसूत्रबिंदू, आणि त्यांना बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोहेसिन.

एकाच गटाचे दोन सातबारा उतारे डोळ्यांपुढे आणा. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. गट तोच, पण नोंदींत थोडा फरक. पेशी दोन्ही उताऱ्यांची झेरॉक्स काढते आणि प्रत्येक झेरॉक्स आपापल्या मूळ उताऱ्याला टाचणीने टाचते. सूत्री विभाजनात टाचण्या निघतात, मूळ कागद एका पेशीत जातो आणि झेरॉक्स दुसरीत. त्यामुळे दोन्ही पेशींकडे आईचाही उतारा असतो आणि वडिलांचाही. अर्धगुणसूत्रीच्या पहिल्या फेरीत टाचणीला हातच लागत नाही. आईचा टाचलेला जोड एकीकडे, वडिलांचा दुसरीकडे. टाचणी निघते दुसऱ्या फेरीत, आणि शेवटी चार पेशी होतात, प्रत्येकीत एकच उतारा. उपमा इथेच थांबवावी लागते, कारण खऱ्या पेशीत मधल्या काळात आई-वडिलांचे कागद फाडून आपसांत जोडले जातात, आणि तहसीलमध्ये असं कुणी केलं तर गुन्हा दाखल होईल.

सूत्री विभाजन

प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण २४ तासांत एक चक्र पूर्ण करते. त्यातलं प्रत्यक्ष विभाजन सुमारे तासाभराचं. उरलेल्या वेळाला आंतरावस्था म्हणतात. या अवस्थेत पेशी विश्रांती घेते, असं कुठेकुठे लिहिलेलं सापडतं. ते वाक्य खोडून टाकावं. नकलेचं सगळं काम तिथेच होतं आणि एकट्या त्या कामालाच सहा ते आठ तास लागतात.

पूर्वावस्थेत लांबलचक धागे गुंडाळून आखूड आणि जाड होतात. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे २ मीटर भरेल, तो न आवळता ओढला तर गुंता होऊन तुटेल. केंद्रकी दिसेनाशी होते, केंद्रकावरण विरतं. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका प्रतलात येतात. प्रत्येक गुणसूत्रबिंदूला दोन्ही ध्रुवांकडून, म्हणजे पेशीच्या दोन टोकांकडून, तुरकतंतू (गुणसूत्रं ओढणारे धागे) येऊन चिकटतात. पश्चावस्थेत कोहेसिन कापलं जातं आणि प्रती विरुद्ध ध्रुवांकडे ओढल्या जातात. अंत्यावस्थेत दोन केंद्रकं तयार होतात. मग पेशीद्रव्य विभागतं. प्राण्यांत पेशी मध्ये आवळली जाते. वनस्पतीत भित्तिका कडक असल्याने ते जमत नाही, म्हणून आतूनच मधोमध नवी पेशीपट्टी बांधली जाते. फुलझाडांच्या पेशींत तारककेंद्र (प्राण्यांच्या पेशीत तंतूंच्या टोकाशी असणारी रचना) नसतं, तरी तुरकतंतू व्यवस्थित तयार होतात.

यातली खरी हुशारी मध्यावस्थेच्या शेवटी आहे. एकाही गुणसूत्राला तंतू नीट लागला नसेल तर पेशी पुढे जात नाही. तो एक गुणसूत्रबिंदू थांबण्याचा संदेश पाठवत राहतो. सगळे तंतू ताणले गेले की संदेश बंद होतो, सेपरेज नावाचं विकर मोकळं होतं आणि कोहेसिन कापतं.

हे तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बनतात. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन ट्युब्युलिनला जुळू देत नाही. तंतू नाहीत तर संदेश बंद होत नाही, पेशी अडकून पडते आणि मरते. रक्ताच्या कर्करोगात हे औषध वापरतात ते यासाठीच. मात्र कर्करोगाची पेशी आणि सतत विभागणारी निरोगी पेशी यांत औषधाला फारसा फरक कळत नाही, म्हणून केमोथेरपीत केस गळतात आणि रक्तातल्या पेशी कमी होतात. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांनी डवरणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असतं, तेही तंतूंवरच घाव घालतं. कळलावीचा कंद पोटात गेल्यावर आधी उलट्या-जुलाब आणि काही दिवसांनी रक्तपेशींची घट दिसते, त्याचं कारण हेच. सदाफुलीची पानं चावून कर्करोग बरा होतो, असे निरोप मोबाइलवर फिरतात. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून दिली जाते, पानात ती किती हे कुणालाच मोजता येत नाही.

कांद्यात दोन्ही बघता येतात

सूत्री विभाजनासाठी कांद्याचं मूळ घ्यायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कांद्याच्या गोंड्यात अर्धगुणसूत्री विभाजन बघता येतं, हे कमी ठाऊक असतं. दोन्ही एकाच झाडात बघण्यासारखं दुसरं उत्तम प्रात्यक्षिक नाही.

मुळासाठी: कांद्याची वाळकी मुळं खरवडून तो पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा ठेवा की फक्त तळ टेकेल. पाणी रोज बदला. तीन ते सहा दिवसांत २ ते ३ सेंटिमीटर मुळं येतात. सकाळी आठ ते दहाच्या सुमारास शेंडे कापा. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड या मिश्रणात २४ तास ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. बघायच्या वेळी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंश सेल्सियसला ५ ते १० मिनिटं, पाण्याने धुणं, आणि टोकाचा फक्त १ ते २ मिलिमीटर भाग काचपट्टीवर. ॲसिटोकार्माइन या रंगाचा थेंब, पाच-दहा मिनिटं, आच्छादनकाच, वरून टिपकागद आणि अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा घसरला तर पेशी गुंडाळल्या जातात.

फसतं ते बहुतेक चार ठिकाणी. पेशी लांबट आणि सगळ्या आंतरावस्थेत दिसल्या तर तुकडा वरच्या भागातून कापला गेलाय. विभाजन फक्त टोकाजवळ चालतं, त्यावर लांबी वाढते. पेशी एकावर एक दिसल्या तर ॲसिड कमी पडलं, पेशींना चिकटवणारं पेक्टिन सुटलंच नाही. सगळं एकसारखं गडद असेल तर रंग जास्त झाला. ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा थेंब कडेने सोडा. आणि टोकच हरवलं असेल तर ते बहुधा धुताना पाण्याबरोबर गेलं.

गोंड्यासाठी: बियाण्याच्या कांद्याला गोंडा आला की न उमललेल्या, २ ते ४ मिलिमीटरच्या कळ्या घ्या. त्याच मिश्रणात ठेवा. परागकोश काढून बघा: हिरवट, अर्धपारदर्शक असेल तर उपयोगी. पिवळा असेल तर परागकण तयार होऊन गेले, आता काही दिसणार नाही. इथे हायड्रोक्लोरिक ॲसिड लागत नाही. परागकोश ॲसिटोकार्माइनच्या थेंबात सुईने ठेचायचा आणि भित्तिकेचे तुकडे काढून टाकायचे. एका गोंड्यात शेकडो कळ्या निरनिराळ्या वयाच्या असतात, त्यामुळे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने दहा-बारा कळ्या बघितल्या की एखादीत तरी नेमकी अवस्था सापडते. मुळात १६ सुटी गुणसूत्रं दिसतात. इथे दिसतात ८ जोड, कडी किंवा फुलीच्या आकाराचे.

पहिली फेरी: जोडीदार शोधणं, तुटणं, जुळणं

अर्धगुणसूत्री विभाजनात डीएनएची नक्कल एकदाच होते आणि विभाजन दोनदा. सगळं नावीन्य पहिल्या फेरीच्या पूर्वावस्थेत आहे. ती इतकी लांब चालते की तिचे पाच टप्पे पाडलेत: लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस. नावांपेक्षा घडतं काय ते महत्त्वाचं.

लेप्टोटीनमध्ये धागे दिसू लागतात आणि त्याच वेळी एसपीओ-११ नावाचं प्रथिन डीएनएला ठिकठिकाणी मुद्दाम तोडतं. एरवी डीएनएचे दोन्ही पदर तुटणं हे पेशीसाठी मोठं संकट असतं. इथे ती ते स्वतःहून ओढवून घेते. तुटलेलं टोक दुरुस्तीसाठी जुळणारा मजकूर शोधतं, आणि शोधतं ते शक्यतो सख्ख्या प्रतीत नव्हे, तर सजातीय जोडीदारात. या शोधातूनच जोडीदार एकमेकांना सापडतात. झायगोटीनमध्ये ते लांबीभर चिकटू लागतात, पॅकिटीनमध्ये पूर्ण चिकटलेले असतात आणि काही तुटक्या जागांची दुरुस्ती अशी होते की आईकडच्या आणि वडिलांकडच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. हेच क्रॉसिंग ओव्हर. डिप्लोटीनमध्ये जोडीदार दूर सरू लागतात, पण अदलाबदलीच्या जागी अडकून राहतात. त्या फुलीच्या जागांना कायाझ्मा म्हणतात. मक्यावर काम करताना हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं की ही अदलाबदल खरोखर गुणसूत्रांच्या तुकड्यांची असते.

क्रॉसिंग ओव्हर म्हणजे वैविध्य, एवढंच सहसा सांगितलं जातं. त्याचं दुसरं काम तितकंच मोठं आहे. सूत्री विभाजनात दोन प्रती जन्मतःच एकत्र असतात, म्हणून तंतू ओढू लागले की ताण येतो आणि बरोबर जोडणी झाल्याचं पेशीला कळतं. सजातीय जोडीदार मुळात वेगळे. त्यांना धरून ठेवणारी गाठ फक्त कायाझ्माची. म्हणून प्रत्येक जोडीला किमान एक तरी अदलाबदल लागते. पुरुषाच्या एका पेशीत २३ जोड्यांवर मिळून अशा सुमारे ५० गाठी असतात. एखाद्या जोडीत एकही नसेल तर दोघं मोकळे हिंडतात आणि नशिबाने एकाच बाजूला जाऊ शकतात.

मध्यावस्थेत मधल्या प्रतलावर सुटी गुणसूत्रं नव्हे, तर जोड्या उभ्या राहतात. कुणाचं तोंड कुठल्या ध्रुवाकडे हे प्रत्येक जोडीचं स्वतंत्रपणे ठरतं. कांद्यात ८ जोड्या, म्हणजे २५६ मांडण्या. माणसात २३ जोड्या, म्हणजे ८३,८८,६०८. अमेरिकन कापसात २६ जोड्या, म्हणजे ६ कोटी ७१ लाखांहून जास्त. यात क्रॉसिंग ओव्हर अजून धरलेलंच नाही.

पश्चावस्थेत गुणसूत्रांच्या बाहूंवरचं कोहेसिन कापलं जातं, गाठी सुटतात आणि जोडीदार वेगळे होतात. गुणसूत्रबिंदूजवळचं कोहेसिन मात्र शुगोशिन नावाचं प्रथिन राखून ठेवतं, म्हणून दोन प्रती एकत्रच राहतात. संख्या निम्मी होते ती इथे.

दुसऱ्या फेरीत नक्कल होत नाही. शुगोशिनचं संरक्षण उठतं, उरलेलं कोहेसिन कापलं जातं, प्रती वेगळ्या होतात. यंत्रणा सूत्री विभाजनासारखीच, पण या प्रती आता तंतोतंत सारख्या राहिलेल्या नाहीत, कारण पहिल्या फेरीत तुकडे बदलले गेलेत.

परीक्षेत हमखास चुकणारा हिशेब कांद्यावर मांडू. गुणसूत्रं मोजायची ती गुणसूत्रबिंदूंवरून. नकलेआधी १६ गुणसूत्रं, १६ डीएनए रेणू. नकलेनंतर गुणसूत्रं १६च, अर्धगुणसूत्रं ३२, डीएनए दुप्पट. सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत क्षणभर एकाच पेशीत ३२ गुणसूत्रं, मग प्रत्येकीत १६. अर्धगुणसूत्रीच्या पहिल्या पश्चावस्थेत पेशीत एकूण १६च, दोन्ही बाजूंना ८-८, पण प्रत्येक अजून दुपदरी. पहिल्या फेरीनंतर पेशीत ८ गुणसूत्रं आणि १६ डीएनए रेणू. दुसऱ्या फेरीनंतर ८ आणि ८. म्हणजे पहिल्या फेरीत गुणसूत्रांची संख्या आणि डीएनए दोन्ही निम्मे होतात. दुसऱ्या फेरीत डीएनए पुन्हा निम्मा होतो, संख्या तीच राहते.

शेतात हे कुठे दिसतं

संकरित कापसाचे पालक बहुतेक सर्व जनुकांच्या बाबतीत आपापल्या परीने शुद्ध असतात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातलं एनएचएच-४४ घ्या किंवा आजचं कुठलंही संकरित वाण, पाकिटातल्या प्रत्येक बीला एका पालकाकडून तोच संच आणि दुसऱ्याकडून तोच दुसरा संच मिळतो. म्हणून शेत एकसारखं दिसतं. पण त्या झाडाच्या फुलात अर्धगुणसूत्री विभाजन झालं की २६ जोड्यांची फेरमांडणी होते आणि सरकी सरकीत फरक पडतो. बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल आणि फुलं स्वपरागित झाली, तर राखलेल्या सरकीत सरासरी दर चार बियांमागे एक बी त्या जनुकाशिवाय असते. बोंडअळीला तेवढी झाडं मोकळी मिळतात.

मग सोयाबीनचं घरचं बियाणं कसं चालतं? अर्धगुणसूत्री विभाजन तिथेही होतंच. पण एमएयूएस-७१ सारखं वाण स्वपरागित आणि शुद्ध असतं. जोडीतली दोन्ही गुणसूत्रं जवळजवळ सारखीच असल्याने त्यांची कितीही अदलाबदल झाली तरी निघतं तेच. म्हणून सोयाबीनच्या घरच्या बियाण्यात बघायची ती उगवणक्षमता, जात बिघडेल याची चिंता कमी. तूर मधली. बदनापूरचं बीडीएन-७११ शुद्ध वाणच आहे, पण तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या तुरीचा पराग आणतात. दोन-चार वर्षं घरचंच बी पेरलं की दाण्याच्या रंगात आणि पक्वतेच्या काळात भेसळ दिसू लागते.

फळबागेत तर शेतकऱ्याची अर्धी कला अर्धगुणसूत्री विभाजन टाळण्यात आहे. केसरची कोय लावली तर केसर येत नाही, रायवळ येतो, म्हणून कलम. कलमाची काडी फक्त सूत्री विभाजनाने वाढते. मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात, आणि हा खुंट मात्र बियांपासून केलेला असतो. मग खुंट एकसारखे कसे निघतात? रंगपूर लिंबाच्या एका बीत अनेकदा एकाहून जास्त अंकुर असतात. त्यातला एक फलनातून आलेला, बाकीचे बीजांडातल्या न्युसेलस या मातृऊतीतून सूत्री विभाजनाने झालेले, म्हणजे आईच्या हुबेहूब प्रती. बी दिसते, पण आतलं रोप एका अर्थाने कलमच. जालना-पैठण पट्ट्यात ‘न्युसेलर मोसंबी’ म्हणतात ती अशाच अंकुरातून निवडलेली. रोपवाटिकेत रांगेतली जी रोपं फार खुजी किंवा वेगळ्या पानांची असतात ती बहुधा फलनातून आलेली असतात, ती उपटून टाकावीत.

अर्धापूरच्या केळीत अर्धगुणसूत्री विभाजन जमतच नाही. ग्रँड नैनमध्ये गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, ११ गुणिले ३ म्हणजे ३३. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, एक उरतो आणि कुठेही जातो. फलनक्षम बीजांड जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून बी नाही. सूत्री विभाजनाला जोडीची गरजच नसते. ते प्रत्येक गुणसूत्राची प्रत वेगळी करतं, ३३ असोत की ४३. म्हणून झाड जोमात वाढतं, मुनवे येतात, ऊतिसंवर्धनात एका कोंबाची हजारो रोपं होतात. फार पिढ्या वाढवत नेलं तर तिथेही चुका साठतात आणि मधूनच विचित्र पानांची रोपं निघतात, हे रोपं घेताना लक्षात ठेवलेलं बरं.

माळेगावच्या यात्रेत घोडे आणि गाढवं दोन्ही विकायला येतात. घोड्यात ६४ गुणसूत्रं, गाढवात ६२, त्यांच्या खेचरात ६३. ६३ गुणसूत्रांची पेशी सूत्री विभाजनाने बिनबोभाट वाढते, म्हणून खेचर धट्टंकट्टं होतं. पण वृषणात किंवा अंडाशयात जोड्या लावायची वेळ आली की ३१ आणि ३२ जुळत नाहीत, आणि विभाजन तिथेच कोलमडतं. मादी खेचरीला पिल्लू झाल्याच्या नोंदी जगात आहेत, पण अगदी मोजक्या.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडीही याच अडचणीतून गेली. हळद्या रोगाला दाद न देणारी जंगली भेंडी आणि पुसा सावनी यांचा संकर केला, पण दोन जातींची गुणसूत्रं नीट जुळत नाहीत, पहिल्या पिढीत बी धरणं अवघड. पुन्हा पुसा सावनीशी संकर करत आणि निवड करत गेल्यावर हवा तो गुण असलेलं, नीट बी देणारं झाड हाती लागलं.

रब्बी ज्वारी पोटरीत असते तेव्हा कणीस अजून बाहेर आलेलं नसतं, पण परागकोशात अर्धगुणसूत्री विभाजन चालू असतं. या काळात पाण्याचा ताण पडला किंवा रात्रीचं तापमान साधारण १३ अंशांखाली गेलं तर परागकण वांझ होतात आणि कणसात दाणे भरत नाहीत. पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी, पोटरीत, एक संरक्षित पाणी द्या, ही शिफारस त्यामुळे मोलाची. कणीस बाहेर पडल्यावर दिलेलं पाणी दाणा भरायला मदत करतं, वांझ झालेला पराग परत आणत नाही.

माणसात चूक कुठे होते

पुरुषात हे विभाजन वयात आल्यावर सुरू होतं आणि म्हातारपणापर्यंत चालतं. मूळ पेशीपासून शुक्राणू व्हायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात, एका पेशीतून चार शुक्राणू. स्त्रीत ते तिच्या स्वतःच्या जन्माआधी सुरू होतं. गर्भातल्या मुलीच्या अंडाशयात विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाख अंडपेशी असतात, जन्मावेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख. सगळ्या डिप्लोटीनमध्ये थांबलेल्या. आयुष्यात अंडोत्सर्ग होतो तो ४०० ते ५०० पेशींचा. पहिली फेरी अंडोत्सर्गाच्या काही तास आधी पूर्ण होते आणि दुसरी शुक्राणू आत शिरला तरच. विभाजन समान नसतं: सगळा अन्नसाठा एका अंड्याला जातो, बाकी गुणसूत्रं छोट्या ध्रुवीय पिंडांत टाकून दिली जातात.

चाळिशीतल्या स्त्रीच्या अंडपेशीतलं कोहेसिन ती आईच्या पोटात असताना बसवलेलं असतं आणि नंतर ते फारसं बदललं जात नाही. ते झिजलं की जोड्या वेळेआधी सुटतात, दोन्ही जोडीदार एकाच बाजूला जातात. २१ क्रमांकाच्या गुणसूत्राचं असं झालं तर बाळात डाउन सिंड्रोम दिसतो. मातेच्या वयाच्या २५व्या वर्षी हे प्रमाण साधारण १,२५० बाळांत १, ४०व्या वर्षी १०० त १, ४५व्या वर्षी ३० त १. तरीही डाउन सिंड्रोमची बरीच बाळं पस्तिशीच्या आतल्या मातांना होतात, कारण एकूण बाळंतपणंच त्या वयात जास्त. ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली, याचा इथे काही संबंध नाही. आणि सुनेच्या माथी दोष मारायलाही जागा नाही, कारण ही तिने केलेली चूक नव्हे.

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त घेतात ते हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, नळीत. पांढऱ्या पेशी एरवी विभागत नसतात, म्हणून राजम्यापासून काढलेल्या फायटोहिमॅग्लुटिनिनने त्यांना विभागायला लावतात, सुमारे ७२ तास वाढवतात आणि कोल्चिसिनसारख्या औषधाने मध्यावस्थेत अडवतात. तिथेच गुणसूत्रं सगळ्यांत जाड आणि मोजायला सोपी असतात. सहसा २० पेशी मोजतात.

अहवाल हातात आला की आधी आकडा बघायचा. ४७ असेल आणि एकविसाव्याची सुटी तिसरी प्रत असेल तर ती अर्धगुणसूत्री विभाजनातली चूक. डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के बाळांत हेच असतं आणि तरुण मातेला पुढच्या वेळी तसंच होण्याची शक्यता साधारण १ टक्का. काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ असतील तर अनेकदा चूक फलनानंतरच्या सूत्री विभाजनात झालेली असते. आणि आकडा ४६ असूनही लक्षणं असतील, तर एकविसाव्याचा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेला असू शकतो. अशा ३-४ टक्के बाळांच्या बाबतीत आई आणि वडील दोघांचीही तपासणी करून घ्यायलाच हवी. पालकांपैकी एकाच्या अहवालात ४५ आलं तर तो पूर्ण निरोगी असूनही वाहक असतो. १४ आणि २१ची जोडणी आईकडे असेल तर पुढच्या बाळाला धोका १० ते १५ टक्के, वडिलांकडे असेल तर त्याहून बराच कमी. आणि दोन्ही एकविसावी गुणसूत्रंच एकमेकांना चिकटलेली असतील तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळात डाउन सिंड्रोम येतो. पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय समुपदेशकाकडे जाताना तिघांचेही अहवाल सोबत न्यावेत.